बुधवारी नऊच्या आत

शनिवार, २० फेब्रुवारी २०२१

पश्चिम डब्लिनमध्ये राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या क्रिकेटपटूंनो, आपल्याला अडगळ ठरवण्यात आलं आहे. मैदान आपण मिळवलं, मॅट आपण अंथरली, आणि आता आपल्यालाच विचारलं जातंय की काका, बसता का जरा?

पुढच्या रविवारच्या वार्षिक सभेत असं म्हणत उभं राहायचं. म्हणजे झूमवर बसूनच, पण आवाज उभ्याचा हवा.

कारण विक्रांत. वय एकतीस, आमच्या सह्याद्री क्रिकेट क्लबचा नवा कप्तान. त्याने सभेच्या विषयपत्रिकेत चौथा मुद्दा घातलाय: ‘संस्थापकांच्या नियमाचा फेरविचार’. तो नियम मी लिहिलेला आहे. २००९ साली ओंगारमधल्या एका कार पार्कमध्ये टेप गुंडाळलेल्या चेंडूने खेळणाऱ्या आम्ही अकरा जणांनी हा क्लब काढला. त्या अकरांपैकी कोणीही बुधवारी रात्री नऊच्या आत ग्रुपवर ‘आहे’ असं लिहिलं, की शनिवारच्या सामन्यातली त्याची जागा पक्की. ती कप्तानही काढू शकत नाही. आता आम्ही नऊ उरलोय. नऊ जागा आमच्या, दोन जागा बाकीच्या चौदा जणांच्या.

अन्याय वाटतो? वाटू दे. त्याआधी दोन उन्हाळे मी इथल्या एका जुन्या क्लबात काढले. दर शनिवारी पांढरे कपडे इस्त्री करून जायचो आणि दर शनिवारी माझ्या हातात स्कोअरबुक यायचं. कोणी वाईट बोललं नाही. सगळे हसून म्हणायचे, ‘यू'र ग्रँड देअर, आर यू?’, म्हणजे तिथे बरं आहे ना तुझं? त्या खुर्चीत मी शपथ घेतली होती की आपल्या माणसांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

शपथा मोडायच्या नसतात.

रविवार, २८ फेब्रुवारी

सभा झाली. म्हणजे बंद पडली.

विक्रांतने तक्ते दाखवले. गेल्या वर्षी महामारीमुळे जुलैत सुरू झालेल्या तुटक्या हंगामात सहापैकी पाच सामने हरलो. संस्थापकांचं सरासरी वय अठ्ठेचाळीस. आमच्या हातून सुटलेले झेल एकोणीस. माणसाने झेल मोजावेत, पण सुटलेले?

मग मी बोललो. रोमच्या सिनेटपासून सुरुवात केली. त्या शब्दाचा अर्थच मुळी म्हाताऱ्यांची सभा. शेतात नवं बी पेरणारा शेतकरी बांधावरचं झाड तोडत नाही, इथपर्यंत आलो होतो, गळा तापला होता, आणि स्क्रीन काळी झाली. मोफतचं झूम चाळीस मिनिटांनी संपतं. मागाहून विक्रांतने ग्रुपवर लिहिलं की त्यातली एकतीस मिनिटं उपेंद्रदादांची, म्हणजे माझी, होती. मतदान राहिलंच.

पद्माकरने सभेत कॅमेरा बंद ठेवला होता. आयर्लंडमधला माझा सर्वांत जुना मित्र, आमचा मध्यमगती गोलंदाज, वय एक्कावन्न. मी फोन करून विचारलं, कसं झालं भाषण? तो म्हणाला, “झाडाचं चांगलं होतं. पण उप्या, झाडाला विचारलं का कोणी?”

मी म्हणालो, तेच तर म्हणतोय मी, आम्हाला कोणी विचारतच नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. भारावला असावा.

मंगळवार, २ मार्च

मतदान नाही तर मैदान. मी ग्रुपवर आव्हान टाकलं: जून महिन्याच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सात तारखेच्या सोमवारी, तोवर सामने सुरू झाले तर, नऊ संस्थापक विरुद्ध नऊ नवे. वीस षटकं. आम्ही हरलो तर नियम रद्द, जिंकलो तर कायम.

विक्रांतने होकाराचा अंगठा टाकला. आपल्या आठही जणांनी तासाभरात होकार कळवला. इतक्या चटकन हे लोक कशालाही होकार देत नाहीत. लढायची खुमखुमी आहे अजून.

बुधवार, १७ मार्च

सेंट पॅट्रिक्स डे. मिरवणूक नाही, माणसं नाहीत, घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा आहेच. रिकामा दिवस मिळाला म्हणून हंगामाचा अंदाज मांडतो. दर वर्षी मी तो ग्रुपवर टाकतो. या वर्षी आधी इथे, खरा खरा.

जुने. मी: सलामीला येतो, घाई करत नाही. गेल्या वर्षी सरासरी नऊ, पण खेळपट्टी वाईट होती. पद्माकर: वेग गेलाय, डोकं शाबूत आहे. त्याचा हळू चेंडू अजूनही फलंदाजाला आधी फिरवतो आणि मग येतो. यशवंत: यष्टिरक्षक. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी डंडॉकला गेला, तरी दर शनिवारी तासभर गाडी हाकत येतो. आत्ता कौंटीबाहेर पडता येत नाही, तरी फोन करून विचारतो की इकडचा उन्हाळा पावसाचा जाणार का. हवामानाची एवढी चिंता. ही तळमळ तक्त्यात मांडता येत नाही.

नवे. अमोघ: वय सतरा, फटके सुंदर, संयम शून्य. पंधरा धावांत तीन चौकार आणि मग आकाशात झेल. चांगला होईल, पण त्याला वेळ लागेल.

ईशा: वय सोळा. माझी मुलगी आहे म्हणून जास्त कडक तपासतो. ऑफ-स्पिन. टप्पा चुकत नाही. चेंडू हवेत थांबतो, म्हणजे थांबल्यासारखा वाटतो, ते शिकवून येत नाही. फलंदाजाच्या पायांकडे बघते. गेली दोन वर्षं आमचं स्कोअरबुक तिच्याकडे आहे, अक्षर छान आहे, त्यामुळे प्रत्येक फलंदाजाची खोड तिला पाठ आहे. निष्कर्ष: उत्तम, पण अजून दोन हंगाम थांबावं.

हे मी तिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, “टू सीझन्स, बाबा? दॅट्स माय लीव्हिंग सर्ट.” लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी. मी म्हणालो, मीही थांबलो होतो. तिने विचारलं, “अँड डिड यू लाइक इट?”

रेवतीने तिला आणखी भात हवा का विचारलं. बायकोला नेमक्या वेळी भात आठवतो.

शनिवार, ३ एप्रिल

विचित्र प्रकार. रेवती आमच्या वसाहतीतल्या घरांतून जुने कपडे जमवते आहे, चॅरिटीची दुकानं उघडली की द्यायला. पद्माकरच्या बायकोने, मृणालिनीने, दाराशी पिशवी ठेवली होती. त्यात वर पद्माकरचे क्रिकेटचे बूट. धुऊन, लेस काढून, जोडी बांधून ठेवलेले.

मला मृणालिनीचा राग आला. नवऱ्याच्या पाठीमागे त्याचे बूट द्यायचे? रेवती म्हणत होती, राहू दे, तू मध्ये पडू नकोस. मी ऐकलं नाही. चालत गेलो, पद्माकरच्या दारात उभा राहिलो, दोन मीटर अंतर राखून बूट पायरीवर ठेवले. म्हटलं, पद्या, वेळेवर सापडले. नाहीतर गेले होते.

तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तू अगदी घरपोच आणलेस.”

आतून मृणालिनीच्या हसण्याचा आवाज आला. तिला कसलं हसू येतं कोण जाणे.

सोमवार, २६ एप्रिल

आजपासून अठराच्या आतल्यांना मैदानात सराव करायची परवानगी. मोठ्यांना नाही. सरकारनेही विक्रांतचे तक्ते पाहिलेले दिसतात.

ईशाला सोडायला गेलो आणि कुंपणाबाहेर उभा राहिलो. बारा वर्षांपूर्वी याच मैदानासाठी मी कौन्सिलला सतरा पत्रं लिहिली होती. आता त्याच्या जाळीला नाक लावून उभा होतो. आत पंधरा पोरं. अमोघला ईशा टाकत होती. पहिले तीन त्याने पुढे येऊन मारले. चौथा तिने तसाच टाकला, फक्त हातभर मागे. तो पुढे आला तो आलाच. यष्ट्या नव्हत्या, तिथे प्लॅस्टिकचा डबा होता. डबा उडाला.

कुत्रं फिरवणारे एक आजोबा माझ्याशेजारी थांबले होते. म्हणाले, ‘युअर वन कॅन बोल.’ ही पोरगी छान टाकते, असा त्याचा अर्थ. ती माझी मुलगी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणत्या टीमकडून खेळते?

मी म्हणालो, आमच्याच. ते पुढे गेले. मला उगाच वाटत राहिलं की मी खोटं बोललो.

सोमवार, १० मे

मोठ्यांचा सराव सुरू. दोन झेल सोडले. नवे चेंडू फार लाल आहेत, गवतावर दिसत नाहीत. यशवंत डंडॉकहून आला, आता कौंटी ओलांडता येते. ढग बघून खूश झाला. पाऊस आला नाही, तेव्हा मुकाट ग्लव्ह्ज घातले.

शुक्रवार, २१ मे

दोन गोष्टी.

पद्माकरने या आठवड्यात सिटीवेस्टला जाऊन लस घेतली. आज सरावात गोलंदाजी करेना. म्हणाला, लशीने हात दुखतोय. मी विचारलं, कुठल्या हातात घेतली? डाव्या. दुखतो कुठला? उजवा. आम्ही दोघंही हसलो. शरीर म्हणजे एक अजब यंत्र आहे.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ईशाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद ठेवला. लिफी नदीच्या पलीकडच्या एका क्लबाने तिला आणि अमोघला बोलावलंय. थेट सामन्यात खेळवणार. अठराच्या आत असल्यामुळे पालकाची सही लागते. शेवटची तारीख दहा जून.

मी बोलायला लागलो. निष्ठा, संस्था, मुळं. दहाएक मिनिटं झाली असतील. ती उभी राहून सगळं ऐकत होती, इथे वाढलेली मुलं एवढं ऐकून घेत नाहीत. शेवटी ती मराठीत बोलली. ती मराठीत बोलते तेव्हा मला भीती वाटते, कारण शब्द शोधून आणलेले असतात.

“बाबा, मी चिडले नाहीये. मला फक्त खेळायचंय. तुमच्याकडून खेळायला जास्त आवडलं असतं.”

कागद मी कपांच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, वरच्या फळीवर ठेवला. सही केली नाही. नाही म्हणालोही नाही. सात जूनला निकाल लागेल, मग बघू.

रेवती मला एवढंच म्हणाली, “दोन वर्षं ती स्कोअर लिहिते आहे. तू कधी वही उघडून पाहिलीस?”

स्कोअर मला पाठ असतो. वही कशाला उघडू?

मंगळवार, १ जून

यशवंतचा फोन: सोमवारी पाऊस आहे का? नाही, म्हटलं, कोरडा दिवस आहे. “नक्की?” असं त्याने दोनदा विचारलं.

सोमवार, ७ जून

जिंकलो.

तपशील लिहितो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

आम्ही पहिल्यांदा फलंदाजी केली. सत्त्याण्णव. ईशाची चार षटकं, नऊ धावा, तीन बळी. त्यांतला पहिला मी. मी स्वीप मारायला बसलो, आणि चेंडू आला तेव्हा मी बसलेलाच होतो. मागे लाकडाचा आवाज. ती ओरडली नाही. तोंड फिरवून परत आपल्या खुणेकडे गेली. मी बाहेर येताना आमचे सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी असतील असं आधी वाटलं.

मग ते आले. अमोघ आज शहाण्यासारखा खेळत होता, माझा अंदाज चुकला. शेवटचं षटक, सात धावा हव्यात, शेवटची जोडी. मी पद्माकरकडे चेंडू दिला. तो म्हणाला दुसऱ्या कोणाला दे. मी म्हणालो, हा नियम तुझ्या हातात आहे, पद्या. मिडऑफला उभा राहून मी ओरडत राहिलो. दुसरा चेंडू त्याचा तो हळूवाला. अमोघ आधी फिरला. यशवंतने झेल घेतला. एक्क्याण्णव सर्वबाद. सहा धावांनी आम्ही जिंकलो.

मी धावत सुटलो. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की माझ्याबरोबर कोणीच धावत नाहीये.

यशवंत झेल हातात घेऊन उभा होता, रस्त्यात कोणाचं तरी पाकीट सापडल्यासारखा. पद्माकर खाली बसला होता. दोघंतिघं ईशाकडे जाऊन कोपराला कोपर लावत होते. विक्रांत येऊन मला म्हणाला, “अभिनंदन, दादा. नियम कायम.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ईशाने कोणालाही न सांगता पॅड गोळा केले, बॅग भरली आणि स्कोअरबुकात शेवटची ओळ लिहायला बसली. खेळाडू होती आज, तरी वही तिच्याकडेच.

सामान ठेवायला पार्किंगमध्ये गेलो तर पद्माकर गाडीची डिकी उघडी टाकून तिच्यासमोर उभा. म्हणाला, “जरा बंद कर ना. माझा हात वर जात नाही.”

मी बंद केली. विचारलं, लशीचं अजून? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी एखाद्या नवशिक्या फलंदाजाकडे बघतो.

“खांदा गेलाय, उप्या. दोन वर्षं झाली. फिजिओने गोलंदाजी बंद सांगितलीय. बूट मीच दिले होते त्या पिशवीत.”

मी म्हणालो, मग सांगायचं ना. आणि दर बुधवारी ‘आहे’ का लिहितोस?

“तू लिहितोस म्हणून. तू नियम केलास आमच्यासाठी, सतरा पत्रं लिहिलीस. तुला नाही कसं म्हणायचं? आज मी हरायची वाट बघत होतो.”

“मग विकेट का घेतलीस?”

“सवयीने. आणि तू मिडऑफला बोंबलत होतास.”

तो हसला. मला हसता आलं नाही. तो डाव्या हाताने गाडीचं दार उघडून बसला. मृणालिनी गाडी चालवत होती. तिने मला हात केला, तोही अगदी प्रेमाने.

मंगळवार, ८ जून

ऑफिसच्या कामाच्या नावाखाली दिवसभर फोन केले. सातही जणांना. थेट विचारलं: तुला खेळायचंय का? खरं सांग.

यशवंत म्हणाला, शनिवारी त्याची धाकटी पोहायला शिकते, आणि तिला पाण्यात तरंगताना त्याने अजून पाहिलेलं नाही. तरी ‘आहे’ का लिहितो? पद्माकर एवढा दुखरा खांदा घेऊन येतो, मग आपण कसं नाही म्हणायचं? म्हणजे खांद्याचं त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. दुसरा म्हणाला, यशवंत डंडॉकहून येतो, मी तर दोन गल्ल्या सोडून राहतो. तिसरा म्हणाला, उपेंद्रला वाईट वाटेल. चौथाही तेच म्हणाला. एकाला अजून खेळायचंय, पण महिन्यातून एकदा, आणि स्लिपमध्ये, जिथे धावावं लागत नाही.

बारा वर्षं मी यांच्या हक्कासाठी भांडलो. हे माझ्या भिडेसाठी खेळले. आपल्या लोकांना तोफेसमोर उभं करा, छाती काढतील. मित्राला नाही म्हणायला सांगा, पाय लटपटतात. आणि मी, ज्याला कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळाल्या, मला आठ माणसांचं गप्प बसणं ऐकू आलं नाही. इतका मी बोलत होतो.

दुपारी स्कोअरबुक उघडलं. ईशाच्या अक्षरातले दोन उन्हाळे. फलंदाजांची यादी दर आठवड्याला तीच, नऊ नावं, आमची. प्रत्येक पानाखाली ‘बारावा खेळाडू’ अशी रिकामी ओळ असते. ती आम्ही कधी भरत नाही. तिने भरली होती. प्रत्येक पानावर, बारीक पेन्सिलीने, स्वतःचं नाव. आणि सामना संपल्यावर खोडलेलं. खोडरबर नीट फिरलेलं नाही, वाचता येतं.

त्या जुन्या क्लबाच्या वहीत मीही हेच करायचो. हे मी कोणालाच कधी सांगितलेलं नाही. रेवतीलाही नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, कारण उद्या मोठ्या तोंडाने बोलायचंय. आम्हा नऊ जणांत दर शनिवारी खेळायची खरी इच्छा एकाच माणसाला आहे. तो मी. सरासरी नऊ असली तरी, झेल सुटले तरी. सकाळी बूट घालताना मला अजून सव्विसाव्या वर्षासारखं होतं. हा राग विक्रांतवर काढला, सरकारवर काढला, चेंडूच्या रंगावर काढला. आता काढायला कोणी उरलं नाही.

प्रेसमधला कागद खाली काढला. सही केली. टेबलावर ठेवला आणि ईशाला म्हटलं, हा तुझा, परवापर्यंत द्यायचा की फाडायचा ते तू ठरव. पण उद्या रात्री नऊपर्यंत थांब.

तिने विचारलं, “व्हाय, व्हॉट्स हॅपनिंग ॲट नाइन?”

म्हटलं, बघ.

बुधवार, ९ जून

सकाळी सात. ग्रुपवर टाकायचा मजकूर आधी इथे लिहितो. या वेळी लहान. चाळीस मिनिटं कोणाकडेच नाहीत.

पश्चिम डब्लिनमधल्या, आणि डंडॉकमधल्या, चाळिशी ओलांडलेल्या माझ्या मित्रांनो. आपली तक्रार होती की आपल्याला कोणी विचारत नाही. ती खरी होती. मीच विचारलं नाही. सोमवारी आपण सामना जिंकलो आणि नियम राहिला. त्या नियमाने आपल्याला जागा दिली, आणि उठायची सोय मात्र ठेवली नाही. ती चूक माझी. ज्याला मनापासून खेळायचंय त्याने विक्रांतला फोन करावा, आपली जागा त्याच्याकडे मागावी, जशी बाकीचे चौदा जण मागतात. मीही मागणार आहे. बहुधा मिळणार नाही. या शनिवारी स्कोअरबुक मी लिहीन, अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. पद्या, बूट पुन्हा पिशवीत टाक, या वेळी मी आणून देणार नाही. यशवंत, शनिवारी कोरडं आहे, पोरीला पोहायला घेऊन जा.

कोणी कोणाकडे बघू नका. कोण आधी लिहितो याची वाट बघू नका, आधी मी लिहितोय. आज रात्री नऊच्या आत, आपल्या नावापुढे, एकच शब्द लिहा:

नाही.